बावन्न पानांचा प्रबंध

"आणि उरलेला?" प्रोफेसर ओल्डेनकाम्प यांनी विचारलं.

"उरलेला काही नाही. एवढाच आहे," बाउक्ये म्हणाली.

नोव्हेंबरची सकाळ होती. प्रोफेसरांनी समोरचा पातळ गठ्ठा उचलला, उलटा केला, शेवटच्या पानावरचा आकडा पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. आकडा होता बावन्न. आकृत्या धरून.

"एप्रिलमध्ये तीनशे बारा पानं होती," ते म्हणाले. "मी ती वाचली, दुरुस्त केली, मान डोलावली. समितीकडे पाठवायचा तेवढा बाकी होता. सप्टेंबरात तू म्हणालीस, थांबा. मी थांबलो. आणि आता हे? अगं, माझ्या बायकोच्या शिवणयंत्राचं माहितीपत्रक याच्यापेक्षा जाड आहे!"

"ते वाचून त्यांना शिवणयंत्र चालवता येतं ना?"

"विषय बदलू नकोस. मध्ये झालं काय?"

"व्हेनेबुरेन झालं," बाउक्ये म्हणाली.

प्रोफेसरांनी गठ्ठा खाली ठेवला. व्हेनेबुरेनचं नाव ऑगस्टात सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं.

बाउक्ये टेर्प्स्ट्रा तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती आणि एकवीस वर्षं पाणी मंडळात बांधांची पाहणी करत होती. उन्हाळ्यात पाऊस लांबला की मंडळाची दहा-बारा माणसं हातात काठी घेऊन कालव्यांच्या कडेने मैलोन् मैल चालत. तिकडचे आतले बांध कुजलेल्या झाडपाल्याच्या काळ्या मातीचे. ती माती ओली असते तोवर जड, आणि वाळली की बुचासारखी हलकी. बांध हलका पडला की कालव्याचं पाणी त्याला रेटत राहतं, आणि एके दिवशी तो जागचा सरकतो. पलीकडची शेतं, रस्ते, घरं सगळी पाण्याच्या पातळीच्या खाली. तिथे पंप थांबवून चालत नाही आणि बांध विसरून चालत नाही.

कुठली भेग धोक्याची आणि कुठली नुसती दिसायला वाईट, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हतं. बाउक्येने अकरा उन्हाळे चौसष्ट ठिकाणी मोजमाप केलं. नोकरी सांभाळून, सुट्ट्या घालवून. आणि तिला एक गोष्ट सापडली. सगळीकडचं गवत वाळून पिवळं पडलेलं असताना बांधाच्या शेतांकडच्या पायथ्याशी गवताचा हिरवागार पट्टा दिसला, आणि त्याच्या वर दोन पावलांच्या आत बांधाच्या लांबीने गेलेली भेग असली, तर तो बांध आठवड्याच्या आत सरकतो. हिरवा पट्टा म्हणजे खालून पाणी निघालंय. ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसलेल्या नऊ जागांपैकी नऊ सरकल्या होत्या.

एवढं हाती आल्यावर ती विद्यापीठात ओल्डेनकाम्प यांच्याकडे गेली, आणि त्यांनी सांगितलं तसा प्रबंध तिने लिहिला. पहिलं प्रकरण बांधांच्या इतिहासाचं. दुसरं, गेल्या शंभर वर्षांत या मातीबद्दल कोण काय म्हणालं त्याचं. तिसरं, ते सगळे कुठे चुकले त्याचं. चौथं, मोजायच्या पद्धती. हिरव्या पट्ट्याची ओळ आली ती एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर, एका लांबलचक परिच्छेदाच्या मधोमध. त्या ओळीच्या आधी सत्तावीस संदर्भ होते आणि नंतर तीन शंका.

एप्रिलमध्ये तिने पाहणीवरच्या सगळ्या सोबत्यांना एकेक प्रत दिली. वोप्के तिच्याबरोबर एकवीस वर्षं बांधावर चाललेला. त्याने ती कौतुकाने गाडीत समोरच ठेवली. दोन महिन्यांत तिच्यावर कॉफीच्या कपाची सात वर्तुळं उमटली.

ऑगस्टात एका मंगळवारी वोप्के व्हेनेबुरेनच्या बांधावरून चालत गेला. त्याला भेग दिसली. खाली हिरवा पट्टाही दिसला. सहा आठवडे पाऊस नसताना एवढं टवटवीत गवत पाहून त्याला उलट बरंच वाटलं. त्याने वहीत लिहिलं, 'भेग किरकोळ. गवताची स्थिती उत्तम.' शनिवारी सकाळी नाश्त्याच्या वेळेला तो बांध चाळीस पावलांच्या लांबीने सरकला आणि कालवा गावात आला. अकरा घरांत पाणी शिरलं. माणूस कोणी गेलं नाही. त्र्याऐंशी वर्षांच्या सीप्कामाबाईंना शेजाऱ्यांनी खिडकीतून बाहेर काढलं आणि दाराच्या फळीवर बसवून नेलं.

पंधरा दिवसांनी बाउक्ये मनुके घातलेले पाव घेऊन त्यांना भेटायला गेली. बाई भाचीकडे राहत होत्या. पायांवर घोंगडी, आणि घोंगडीखाली पायांत दुसऱ्याचे बूट.

"तू बांधावरचीच ना?" बाईंनी विचारलं. "पुस्तक लिहिणारी?"

"हो."

"मग तुला माहीत होतं का गं, असं होतं म्हणून?"

बाउक्येने खोटं बोलायचं नाही असं येतानाच ठरवलं होतं. "हो. असं कशामुळे होतं ते माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लिहिलं होतं."

"कुठे?"

बाउक्येला पान क्रमांक आठवत होता. तो तोंडातून निघेना. बाईंनी एक पाव उचलला, मोडला आणि अर्धा तिच्या हातात दिला. "खा," त्या म्हणाल्या. "रडायचं असेल तर घरी जाऊन रड. माझ्याकडे रुमालसुद्धा माझा नाही आता."

वोप्के त्याच आठवड्यात तिच्या घरी आला. आत यायला तयार होईना, दारातच उभा राहिला. "मी बावीस पानं वाचली होती, बाउक्ये," तो म्हणाला. "देवाशपथ बावीस. बांध कधीपासून बांधतात ते मला आता चांगलं ठाऊक आहे."

त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर ती प्रबंध कापत होती. तिचा नवरा एल्को प्राथमिक शाळेत मास्तर. तो रोज शाळेतून आला की स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून पानं मोठ्याने वाचायचा, आणि ती बटाटे सोलत ऐकायची. ज्या वाक्याला एल्को कान खाजवायचा त्या वाक्यावर काट. इतिहास गेला. शंभर वर्षांचं कोण काय म्हणालं त्यातले चौघे राहिले, बाकीचे गेले. मोजमापांचे तक्ते तिने विद्यापीठाच्या जाहीर संग्रहात जमा केले, ज्याला तपासायचं त्याने उघडून तपासावं. हिरवा पट्टा नवव्या पानावर आला. तोही परिच्छेदाच्या सुरुवातीला.

हे सगळं तिने ओल्डेनकाम्पना सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"हे बघ," शेवटी ते म्हणाले, "तुझं दुःख मला कळतं. पण पाहणीवाल्यांसाठी वेगळी पुस्तिका काढ ना! प्रबंध ही वेगळी गोष्ट आहे. तू कुठून कुठे पोचलीस, वाटेत काय नाकारलंस, ते सगळं त्यात दिसलं पाहिजे. पुढच्याला तुझी पावलं तपासता आली पाहिजेत."

"तपासायचं सगळं संग्रहात आहे. आणि नाकारलेलं पण आहे, तेहेतीस ते एकेचाळीस पान. तुम्ही अजून उघडलेलंच नाही."

"दीडशे पानांखालच्या प्रबंधावर मी आजवर सही केलेली नाही."

"नियम आहे तसा?"

"प्रथा आहे."

"नियम, प्रोफेसर. छापलेला. मी सगळी नियमावली वाचली. कागद कुठला, मुखपृष्ठावर काय, आभार कोणाचे मानायचे नाहीत, सगळं आहे. पानं किती ते कुठेच नाही."

"कारण असं कोणी करेल असं कोणाला वाटलंच नव्हतं!"

"तुमचा किती पानांचा होता?"

"चारशे अठरा," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जरा ताठा आला.

"किती जणांनी वाचला?"

ओल्डेनकाम्प स्वभावाने सरळ होते. त्यांनी खरंच मनात मोजलं. "चौघांनी," ते म्हणाले. "त्यातला एक मी."

हसायचं दोघांनाही सुचलं नाही. त्यांनी गठ्ठा पिशवीत टाकला आणि सांगितलं की काहीही कबूल करत नाही, नुसता घरी नेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांचा फोन आला. बाउक्ये सायकलला किल्ली लावत होती.

"काल आगगाडीत वाचायला घेतला," ते म्हणाले. "घरी पोचेपर्यंत संपला. माझ्या उभ्या आयुष्यात एका प्रवासात प्रबंध संपलेला नाही. मला फार राग आलाय, बाउक्ये."

"कशाचा?"

"खोडायला काही सापडत नाही त्याचा. पाठवतो मी समितीला. पण ऐक, त्यात स्टाल्पर्स आहे. तो तुला सोलून काढेल. मी काही करू शकणार नाही."

"तुम्ही काही करू नका."

समितीत पाच जण. त्यांपैकी प्रोफेसर ह्यूबर्ट स्टाल्पर्स दक्षिणेतल्या विद्यापीठातले, मातीच्या शास्त्रात ज्यांच्या नावाला सगळे दबून असत असे. फेब्रुवारीत निकाल आला. चौघांनी होकार दिला होता, त्यातल्या दोघांनी नाक मुरडत. स्टाल्पर्स यांनी लिहिलं होतं, 'मांडणी स्वच्छ आहे, परंतु ही पुस्तिका आहे, प्रबंध नव्हे. अशाने पदवीची किंमत उरणार नाही.' बहुमत पुरेसं होतं. जाहीर परीक्षेची तारीख जूनमधली मिळाली.

मग विद्याशाखेच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या प्रमुख बाई भल्या होत्या. त्यांनी कॉफी दिली, बरोबर एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. "भांडण कशाला वाढवायचं?" त्या म्हणाल्या. "तुमची जुनी अडीचशे पानं तयारच आहेत. जोडपत्र म्हणून मागे लावून टाका. स्टाल्पर्स खूश, तुम्ही खूश. मागचं कोणी वाचत नाही हो."

"कोणी वाचणार नाही तर लावायचं कशाला?"

"दिसायला."

"बाई, मी बांध तपासते. दिसायला चांगला आणि आतून पोकळ बांध कसा असतो, ते मला माहीत आहे."

"तुम्ही फार हट्टी आहात, बाउक्येबाई."

"हो," बाउक्ये म्हणाली आणि कॉफी संपवून उठली.

घरी एल्कोसुद्धा त्यांच्याच बाजूने बोलला तेव्हा मात्र तिचा तोल गेला. तो म्हणाला, "लाव ना मागे. तुझी बावन्न पानं पुढे आहेतच की. कोणाचं काय बिघडतंय?"

"जाड झाला की वोप्के परत गाडीत टाकणार! परत त्याच्यावर कप ठेवणार!" ती ओरडली. "तुला काय वाटतं, मला हौस आहे? मला भीती नाही वाटत? अकरा उन्हाळे घालवलेत मी. पदवी नाही मिळाली तर लोक म्हणतील, बांधावरची बाई उगाच मोठ्यांच्यात गेली. म्हणू देत. पण एकही पान नुसतं जाडी वाढवायला म्हणून लावणार नाही मी. एकही नाही, एल्को."

एल्कोने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. मग म्हणाला, "वर्गात मी पोरांना सांगतो, निबंध एक पानाचा लिहा. ते विचारतात, मोठं अक्षर काढलं तर चालेल का. मी आज तुला तेच सांगत होतो, नाही का?"

"तेच."

"मग चुकलं माझं."

परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. एरवी अशा परीक्षांना घरचे, दोन मित्र आणि फुकटच्या खाण्यासाठी आलेला एखादा निवृत्त प्राध्यापक एवढेच असतात. पण बांधावरची सगळी मंडळी आली होती आणि मागच्या तीन रांगा अडवून बसली होती, धुतलेल्या बुटांनी. पुढे उमेदवाराचे दोन पाठराखे उभे राहतात, तशी रीतच आहे. बाउक्येचे पाठराखे होते एल्को आणि वोप्के. दोघांनी भाड्याचे लांब शेपटीचे काळे कोट घातले होते. वोप्केच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर राहिल्या होत्या.

"मी बगळ्यासारखा दिसतोय," तो पुटपुटला.

"बगळ्यासारखाच उभा राहा. हलू नकोस," बाउक्ये म्हणाली.

चोपदाराने घुंगरांची काठी आपटली. काळ्या झग्यांतले प्रोफेसर रांगेने आत आले. पंचेचाळीस मिनिटं प्रश्न चालणार होते, एक मिनिट कमी नाही, एक मिनिट जास्त नाही.

पहिला प्रश्न स्टाल्पर्स यांचा. उंच, शांत माणूस. त्यांनी पुस्तक दोन बोटांत धरून वर केलं, सगळ्यांना दिसेल असं.

"आदरणीय उमेदवार," ते म्हणाले, "तुम्ही प्रबंधाबरोबर रीतीप्रमाणे, वादासाठी मांडलेल्या विधानांचा कागद जोडला आहे. त्यातलं शेवटचं विधान असं: 'ज्याच्या लेखकालाच तो पुन्हा वाचवत नाही, तो प्रबंध अजून लिहून झालेला नाही.' शेवटचं विधान चेष्टेचं असलं तरी चालतं, हे मला माहीत आहे. ही चेष्टा आहे का?"

"नाही, आदरणीय परीक्षक."

"मग माझे स्वतःचे विद्यार्थी, ज्यांनी चारचारशे पानं लिहिली, ते काय अडाणी होते?"

"त्यांना चारशे पानांचं सापडलं असेल, तर नाही."

मागच्या रांगांतून कोणीतरी खाकरलं. स्टाल्पर्स यांनी तिकडे पाहिलं नाही.

"तुम्हाला बावन्न पानांचंच सापडलं, असं म्हणायचंय?"

"खरं तर एका वाक्याचं सापडलं. बाकीची एक्कावन्न पानं ते वाक्य खरं का मानायचं, यासाठी आहेत."

"आणि हे तुम्ही कोणासाठी लिहिलंत? शास्त्रासाठी, की रस्त्यावरच्या माणसासाठी?"

"बांधावरच्या," बाउक्ये म्हणाली. मग तिने स्वतःही आधी ठरवलं नव्हतं असं काहीतरी केलं. उमेदवाराला पाठराख्याची मदत मागता येते. ती रीत जुनी, आता कोणी वापरत नाही. ती वळली. "माझा पाठराखा नववं पान वाचून दाखवेल."

वोप्के एक पाऊल पुढे आला. त्याच्या हातात पुस्तक नव्हतं. एल्कोने आपलं पुढे केलं. वोप्केने ते घेतलं नाही. त्याने समोरच्या भिंतीकडे नजर लावली आणि बोलायला लागला. हिरव्या पट्ट्यापासून सुरुवात केली. भेगेची दिशा, पायथ्यापासूनचं अंतर, कुठे उभं राहून बघायचं, काठी किती आत जाते, दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर कोणाला कळवायचं, सगळं पान, शब्दाला शब्द. एका जागी आवाज फाटला. ते वाक्य त्याने पहिल्यापासून घेतलं आणि पूर्ण केलं. संपल्यावर त्याने मोठ्याने नाक ओढलं.

स्टाल्पर्स यांनी मान झुकवली, पण माघार घेणारे ते नव्हते. "पाठांतर उत्तम आहे," ते म्हणाले. "पण पाठांतर म्हणजे पुरावा नव्हे. आता माझा खरा प्रश्न. तुमची चौसष्टही ठिकाणं निव्वळ काळ्या मातीची आहेत. देशात असेही बांध आहेत ज्यांच्यावर चिकणमातीचा थर चढवलेला आहे. तिथे हिरव्या पट्ट्याचा अर्थ काय? तुमच्या पुस्तकात त्याचं उत्तर कुठेच नाही."

प्रश्न रास्त होता. ओल्डेनकाम्प खुर्चीत पुढे सरकले.

"मला माहीत नाही," बाउक्ये म्हणाली.

"माफ करा?"

"मला माहीत नाही. तिथे मी मोजलेलं नाही, म्हणून लिहिलेलं नाही. आधीच्या मसुद्यात त्यावर एकोणीस पानं होती. सगळा अंदाज होता, फक्त तसं वाटू नये म्हणून चौतीस संदर्भ दिले होते. तुम्हाला ती पानं आवडली असती. मीच ती काढली. कारण कोणीतरी ती खरी धरून चिकणमातीच्या बांधाखाली निवांत झोपलं असतं."

स्टाल्पर्स यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. "अंदाजही शास्त्रात लागतात, उमेदवार. त्यांच्यावरच पुढचे लोक काम करतात."

"मग सहाव्या पानावरचं शेवटचं वाक्य बघा. 'चिकणमातीच्या बांधांचं कोणीतरी मोजावं.' त्या कामाला एवढं वाक्य पुरेसं आहे."

या वेळी मागच्या रांगा हसल्या, आणि झग्यांतलेही दोघं. स्टाल्पर्स हसले नाहीत. ते खाली बसले.

बाकीच्यांचे प्रश्न सोपे नव्हते, पण ते मातीबद्दल होते, पानांबद्दल नव्हते. पंचेचाळिसाव्या मिनिटाला चोपदाराने दार उघडलं, काठी आपटली आणि वेळ संपल्याचं लॅटिनमध्ये पुकारलं. बाउक्ये तेव्हा एका वाक्याच्या मधोमध होती. तिने तोंड मिटलं.

प्रोफेसर मंडळी आत गेली आणि नेहमीपेक्षा दुप्पट वेळ आत राहिली. बंद दारामागून आवाज चढल्याचं सगळ्यांना ऐकू येत होतं. परत आले तेव्हा ओल्डेनकाम्प यांचे कान लाल झाले होते. पदवी मिळाली. विशेष गौरवाचा शेरा मिळाला नाही. पदवीचा कागद लाल नळीतून बाउक्येच्या हाती आला, तेव्हा मागच्या रांगांनी अशा ठिकाणी वाजवत नाहीत तशा शिट्ट्या वाजवल्या.

नंतरच्या खाण्यापिण्यात स्टाल्पर्स तिच्याजवळ आले. एका हातात गरम मांसगोळा, दुसऱ्यात मोहरीच्या चटणीची वाटी. "मी विरोधात मत दिलं," ते म्हणाले.

"माझी तशीच अपेक्षा होती."

"पुन्हा देईन. तुम्ही खऱ्या आहात म्हणून तुमची बावन्न पानं खरी आहेत. उद्या एखादा आळशी माणूस बावन्न पानं घेऊन येईल आणि तुमचं नाव सांगेल. त्याला मी काय म्हणू?"

"आळशी माणसाचे तीनशे पानांचे किती प्रबंध वाचलेत तुम्ही?"

स्टाल्पर्स यांनी मांसगोळा चटणीत बुडवला. "मोजलेले नाहीत," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला.

पण गोष्ट तिथे मिटली नाही. डिसेंबरात विद्याशाखेने नियम केला की यापुढे कुठलाही प्रबंध शंभर पानांहून कमी नसावा. जो नियम कधी नव्हता तो बाउक्येमुळे झाला. सात मतं बाजूने, चार विरोधात. विरोधातल्या चारांत ओल्डेनकाम्प होते. बैठकीनंतर त्यांनी तिला फोन करून सांगितलं की निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, आणि ते दीड वर्ष दर बैठकीत हा नियम काढून टाकायचा ठराव मांडणार आहेत.

"तुम्हाला तर दीडशे हवी होती," बाउक्ये म्हणाली.

"मला दीडशे हवी होती ती माझी मर्जी होती. छापलेला नियम म्हणजे वेगळी गोष्ट. शिवाय," ते म्हणाले, "मी माझा परत वाचायला घेतला. चारशे अठरा पानं. दोनशे अकरावर अडकलोय."

पुढच्या उन्हाळ्यातही पाऊस लांबला. मंडळातल्या सगळ्यांच्या खिशात ते पातळ पुस्तक होतं, घामाने वाकलेलं. जुलैत दोन ठिकाणी दोन्ही खुणा एकत्र दिसल्या. एका ठिकाणी वेळेत भराव टाकला आणि बांध टिकला. दुसरीकडे तो तरीही सरकला, पण खालची चार घरं दोन दिवस आधीच रिकामी केलेली होती. हे वर्तमानपत्रांत आलं नाही, कारण काही झालंच नव्हतं. वोप्केने तीन दिवस तिथे तळ ठोकला होता. परत आल्यावर त्याने फक्त एवढंच विचारलं, चिकणमातीचं कोण मोजणार?

त्याचं उत्तर सप्टेंबरात सायकलवर बसून आलं. हान्नेके नावाची, पस्तिशीची, शेजारच्या मंडळात कालव्याच्या झडपांवर काम करणारी बाई. तिच्याकडे तीन उन्हाळ्यांची मोजमापं होती, चिकणमातीच्या बांधांची. तिला प्रबंध लिहायचा होता आणि तिने नियम वाचला होता. ती बाउक्येच्या टेबलाशी जाकीट न काढताच बसली.

"आधीच सांगते, मला लिहिता येत नाही," ती म्हणाली. "शंभर पानं म्हणजे माझा जीव जाईल. किती लिहावी लागतील खरंच? तुमच्यासारखं भांडावं लागेल का?"

"लागेल बहुतेक," बाउक्ये म्हणाली. "भांडू. दोघी मिळून भांडू. ते नंतरचं आहे. जाकीट काढ, कॉफी घे, आणि आधी सांग, तुला सापडलंय काय?"